दोन टक, एक टक

विमान अपघात तपास मंडळाच्या लिआओ बाई आल्या तेव्हा पेइलान गॅलरीत शर्ट वाळत घालत होती. नवऱ्याचे शर्ट. तो जाऊन दोन महिने होत आले होते, पण कपाटात टांगलेल्या शर्टांना त्याचा वास जाऊन नुसता कपाटाचा वास यायला लागला की ती दोन-तीन काढून धुऊन टाकी. निदान साबणाचा वास तरी ओळखीचा होता.

लिआओ बाई चाळिशीच्या होत्या. सकाळच्या गाडीने ताइपेइहून कांगशानला आलेल्या. चपला काढून आत आल्या, कॅप्टन फान यांच्या तसबिरीपुढे वाकल्या, मग वही उघडून बसल्या. आदल्या रात्री कॅप्टन किती झोपले, रक्तदाबाची गोळी घ्यायचे का, घरात काही वाद होता का. पेइलानने एकेक उत्तर दिले.

"सकाळी काय खाल्लं होतं त्यांनी?"

"दोन वाफवलेले मांतोऊ पाव आणि सोयाबीनचं दूध. शिवाय माझ्या ताटलीतला अर्धा मांतोऊ. ते अर्ध्याचं लिहू नका हो, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं."

लिआओ बाई हसल्या. लिहिले मात्र.

शेवटी त्यांनी पिशवीतून एक लहानसे यंत्र काढून चहाच्या किटलीशेजारी ठेवले. "एक आवाज ऐकवायचा आहे. कुणाचं बोलणं नाही, ते ऐकवायची मला परवानगी नाही. विमानाच्या केबिनमधला नुसता आवाज आहे. इंजिनाचा नाही, कुठल्या बटणाचा नाही, इतकं आम्हाला कळलंय. पुढचं कळत नाही."

आधी घरघर ऐकू आली. त्या घरघरीत टक, टक. जाड, बोथट. मग थोडी घरघर. मग एकच टक, जरा कडक, धातूचा.

पेइलानच्या हातात किटलीचे झाकण होते. ते तिने सावकाश किटलीवर ठेवले.

"कॅप्टनना अंगठी वाजवायची वगैरे सवय होती?" लिआओ बाईंनी विचारले.

"पुन्हा लावता?"

त्यांनी पुन्हा लावले. टक, टक. टक.

"मला नाही सांगता येणार," पेइलान म्हणाली. कळत नाही, असे ती म्हणाली नाही. लिआओ बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले, वही मिटली आणि आपला पत्ता आणि फोन नंबर छापलेले कार्ड टेबलावर ठेवून त्या गेल्या.

अपघाताची हकिकत तोवर सगळ्यांना पाठ झाली होती. जानेवारीची दुपार, सामुद्रधुनीतले बेट, हिवाळ्याचा ईशान्येचा वारा. त्या दिवशी वारा फिरून विमानाच्या पाठीशी आला. पाठीवरचा वारा, ओली धावपट्टी, आणि वेग हवा त्याहून बराच जास्त. अशा वेळी ठरलेल्या उंचीला वेग मर्यादेत आला नसेल तर उतरायचे नाही. विमान वर घ्यायचे, फेरा मारायचा, नव्याने यायचे. नियम स्पष्ट होता. दोघा वैमानिकांपैकी कुणीही 'वर घ्या' म्हणाला, की ज्याच्या हातात विमान असेल त्याने वाद न घालता वर घ्यायचे, हाही नियम होता. विमान वर गेले नाही. अर्धी धावपट्टी मागे टाकून टेकले, घसरले आणि समुद्राच्या बांधावर आदळले. नऊ माणसे गेली. त्यांत कॅप्टन फान रुइफेंग एक.

सहवैमानिक च्यू येनथिंग वाचला, मांडीची आणि कमरेची हाडे मोडून. वय एकतीस. सरकारी वकील इस्पितळात जबाब घ्यायला गेले तेव्हा त्याने एकच सांगितले, "चूक माझी आहे. मी बोललो नाही." वर्तमानपत्रांनी त्याचे मथळे केले. तपासाच्या कच्च्या अहवालातही 'सहवैमानिकाने कोणत्याही टप्प्यावर इशारा दिला नाही' असे वाक्य आहे म्हणत होते. मेलेल्या माणसावर खटला भरता येत नाही. जिवंत एकच उरला होता.

पेइलान त्या दिवशी बराच वेळ टेबलाशी बसून राहिली. तो आवाज तिने उभ्या जन्मात किती वेळा ऐकला होता, याची गणती नव्हती.

ती वाढली ती हवाई दलाच्या वस्तीत. आता तिथे हेच उंच फ्लॅट उभे आहेत. तेव्हा बैठी घरे होती, बांबूची कुंपणे होती, आणि एका आळीत चीनमधल्या शानतुंग, सछ्वान, हूनान अशा बारा ठिकाणचे लोक होते. पोर कुठल्याही अंगणात खोडी करो, शिवी कुठल्या बोलीत पडेल ते सांगता येत नसे. सछ्वानच्या बायका छपरांवर घागरींतून तिखट डाळीचा ठेचा उन्हात ठेवत. विमानाच्या जुन्या पत्र्याची कोंबड्यांची खुराडी होती. सकाळी वर घरघर झाली की बायका हातातले काम न थांबवता म्हणत, "आज बाबांचं उड्डाण." आणि संध्याकाळी घरघर मोजून घेत.

पेइलानचे वडील मालवाहू तुकडीत होते. दोन इंजिनांची ती धूड विमाने, आत कानठळ्या बसवणारा आवाज. त्या तुकडीची एक रीत होती, दुसऱ्या तळांवर कुणाला ठाऊक नसलेली. थोरल्याची चूक धाकट्याने तोंडाने काढायची नाही. बोटाच्या सांध्याने शेजारच्या पत्र्यावर दोनदा टक टक करायचे: दादा, जरा बघा. थोरल्याने बघायचे, चूक सुधारायची, आणि एकदा टक करायचे: समजलं. झाले. मागे बसलेल्यांना पत्ता लागत नसे, खाली उतरल्यावर कुणी विषय काढत नसे. थोरल्याची अब्रू राहायची आणि विमानही.

रीत विमानातून घरात आली. माजोंगच्या पटावर भलती सोंगटी उचलणाऱ्या काकांपुढे टक टक. लग्नाच्या पंगतीत पाहुण्याला चुकीच्या नावाने हाक मारणाऱ्या नवऱ्यापुढे बायकोची टक टक. पेइलानने दुसरीत असताना गणिताच्या बाईंनी फळ्यावर बेरीज चुकवली तेव्हा बाकावर टक टक केले होते. बाई गावातल्या, हवाई दलाच्या नव्हत्या. पट्टी बसली.

आणि तिचे लग्न जमले तेही त्याच टकटकीवर. रुइफेंग तेव्हा नवा लेफ्टनंट होता. रविवारी पाण्यात उकडलेल्या करंज्या खायला तुकडीतली चार पोरे घरी येत, त्यांतला एक. वडील आपली आवडती गोष्ट सांगत होते, समुद्रावर एक इंजिन बंद पडल्याची. सांगता सांगता त्यांनी डावे इंजिन म्हटले. टेबलावर टक टक झाली. सगळे गार. तुकडीप्रमुखाच्या घरात, त्याच्याच टेबलावर, कालचा पोर! वडिलांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. रुइफेंगचे कान लाल झाले होते, पण हात तसाच टेबलावर होता. वडिलांनी त्याच्याकडे पाहिले, मग एकदा टक केले आणि म्हणाले, "उजवं. उजवं इंजिन." आणि गोष्ट पुढे सुरू केली. पोरे गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "हा मुलगा बरा आहे. भितो, पण वाजवतो."

हे वाक्य पेइलानने पुढे नवऱ्याला शंभरदा चिडवायला वापरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंग आले. कुंग चिशियुंग म्हणजे रुइफेंगचा एका वर्षाने धाकटा, त्याच तुकडीतला, त्याच वस्तीतला. दलातून निवृत्त होऊन दोघे एकाच विमान कंपनीत लागले. कुंग ऑफिसच्या शिडीने वर गेले आणि वैमानिकांचे प्रमुख झाले, रुइफेंग विमानातच राहिला. तरी रुइफेंग असेतो ते त्याच्या ग्लासात आधी ओतत आणि मग आपल्या.

"वहिनी, दार सताड उघडं? वस्ती गेली आता. हे फ्लॅट आहेत."

"चोर काय नेणार? तुमच्या दादांचे शर्ट?"

कुंगनी हातातले भांडे ओट्यावर ठेवले. बोकडाच्या मटणाचा रस्सा, स्टेशनसमोरच्या दुकानातला. "खाऊन घ्या आधी. तुम्ही वाळलात."

"आणि तुम्ही सुटलात. खुर्चीत बसून उडता ना."

"बोला, बोला. दादा नाहीत, आता तुम्हीच बोलून घ्या." त्यांनी स्वतःच वाट्या घेतल्या, ठेच्याची बरणी काढली. दोन घास झाल्यावर विचारले, "ती लिआओ येऊन गेली?"

"आल्या होत्या."

"आवाज ऐकवला?"

"ऐकवला."

"मलाही ऐकवला. मी म्हटलं, दादांना अंगठी वाजवायची सवय. तुम्हीही तेवढंच म्हणा. होतीच की सवय. खोटं आहे?"

"तीन आवाज आहेत, भावजी. अंगठीचा शेवटचा एक."

"कधी अंगठीने वाजवायचे, कधी बोटाने."

"पहिले दोन कुणाचे ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे."

कुंगनी हाड चोखले, ताटलीत ठेवले. "आणखी कुणाला माहीत आहे?"

"त्या पोराला."

"तो नाही बोलायचा. चांगल्या वळणाचा आहे तो. आपल्या तुकडीतला." हे त्यांनी कौतुकाने म्हटले आणि पेइलानने वाटी खाली ठेवली. कुंगच्या ते लक्षात आले नाही. "आणि वहिनी, कायद्याने बघा. पुस्तकात काय आहे? 'वर घ्या' असं तोंडाने म्हणायचं. तो म्हणाला? नाही म्हणाला. टकटक कुठल्या पुस्तकात आहे? म्हणजे त्याने इशारा दिला नाही हे खरंच आहे."

"ते पुस्तक तिथे शिकवतं कोण?"

"मी."

"मग तोंडाने म्हणायला शिकवलंत त्याला? एकदा तरी? तुमच्यादेखत, कुणा दादाला?"

"मटण गार होतंय, वहिनी."

थोडा वेळ दोघेही खात राहिले. मग कुंगचा आवाज खाली आला. "त्याला फार तर दोन वर्षं होतील, तीही स्थगित. कंपनी सांभाळेल, शब्द माझा. वय आहे त्याचं. दादांचं काय उरलंय आता? नाव. वसंतातल्या पूजेला हवाई तळावरच्या स्मारकाच्या भिंतीवर त्यांचं नाव चढायचं आहे. तुमच्या वडिलांच्या नावाखाली. त्यांनी इशारा ऐकला, 'समजलं' म्हणाले आणि तरी विमान खाली घातलं, असं कागदावर आलं, तर कोण चढवू देईल? नऊ माणसं त्यांच्या एकट्याच्या माथी बसतील. हे करायचंय तुम्हाला? तुम्ही?"

जाताना कुंगनी तसबिरीपुढे उदबत्ती लावली आणि डोळे पुसले. तेही खरेच होते. रुइफेंग गेल्याचे दुःख त्या माणसाइतके दुसऱ्या कुणाला झाले असेल तर पेइलानला.

भांडी घासताना तिला तळे आठवले.

तळ्याची गोष्ट त्यांच्या संसारातली सर्वांत गाजलेली. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली असतील. पहिली गाडी, जुनी, पिवळी. तायनानजवळ मित्राच्या लग्नाला निघाले होते. रुइफेंगने नवा कोट घातला होता, तिने हिरवा झगा. रस्ता चुकला, आणि मिठागरे ओलांडून गाडी सरळ एका माशांच्या तळ्याच्या बांधावर गेली, पुढची दोन चाके चिखलात. तळ्याचा म्हातारा मालक विजार सावरत आला आणि म्हणाला, "वैमानिक दिसता. खाली बघायची सवय नाही." मग त्याच्या बायकोने त्यांना माशाची पेज वाढली, आले घातलेली, गरम. म्हशी येऊन गाडी ओढेपर्यंत दोघे ओट्यावर बसून हसत होते. लग्न चुकले. तशी पेज पुन्हा कुठे मिळाली नाही.

ही गोष्ट दोघे मिळून सांगत. म्हाताऱ्याचे वाक्य त्याचे, पेजेचे वर्णन तिचे. पंगतीत, दिवाणखान्यात, मुलीच्या लग्नातसुद्धा सांगितली. माणसे पोट धरून हसत.

एक गोष्ट मात्र दोघेही कधी सांगत नसत. फाट्यावर गाडी डावीकडे वळली तेव्हा पेइलानने दारावर टक टक केले होते. रुइफेंगने स्टिअरिंगवर अंगठीने एकदा टक केले होते. समजलं. आणि गाडी डावीकडेच गेली होती.

टकटक लोकांना सांगायची नसते, म्हणून ती गोष्टीत आली नाही. पण आज हात साबणात असताना तिच्या मनात एकामागून एक प्रसंग येत गेले. मुलीच्या शाळेच्या अर्जाच्या वेळी. सासऱ्यांच्या साठीला, तो भलत्याच लढाईचे श्रेय त्यांना देत होता तेव्हा. गेल्या वर्षी, छातीत दुखत असताना त्याने डॉक्टरांना काही नाही म्हणून सांगितले तेव्हा. दर वेळी तिची दोनदा टक टक, त्याची एकदा टक. आणि दर वेळी तो होता तसाच पुढे गेला होता. तिच्या वडिलांनी टक केले आणि 'उजवं इंजिन' म्हटले. वडिलांच्या हातात 'समजलं' म्हणजे सुधारतो असे होते. नवऱ्याच्या हातात कधीतरी त्याचे 'समजलं, आता पुरे' झाले होते. केव्हा झाले हे तिला आठवेना. तो वाईट माणूस नव्हता. तीस वर्षे विमान दर वेळी धावपट्टीत बसले होते, तळे एकदाच लागले होते आणि त्यातूनही पेज मिळाली होती.

तिने भांडे उपडे घातले. त्याने ऐकले होते. ऐकूच गेले नसेल, वाऱ्याचा आवाज असेल, अशी एक फट कालपासून तिने मनात उघडी ठेवली होती. तिसरा, कडक आवाज आठवताच ती आता बंद झाली.

येनथिंगला काउशियुंगच्या इस्पितळात ठेवले होते. पेइलान गेली तेव्हा दाराशी त्याची आई बसली होती, मेइनुंग या तंबाखूच्या गावची, उन्हातान्हातल्या कामाची बाई, मांडीवर तांदळाच्या रुंद शेवयांचा डबा.

"तुम्ही कॅप्टनच्या घरच्या," ती न उठता म्हणाली.

"हो."

"माझा मुलगा लहानपणी फार बोलायचा. शेजारी म्हणायचे, तंबाखूच्या खोपटात रेडिओ ठेवलाय का गं? झोपेतसुद्धा बडबडायचा." तिने डब्याचे झाकण लावले. "तुमच्या लोकांत गेला आणि गप्प झाला. मला वाटायचं, शिस्त लागली."

आई बाजूला सरली.

येनथिंग पाठीवर पडला होता, पाय वर टांगलेला. तिला पाहून त्याने उठायची धडपड केली. "वहिनी."

"पडून राहा. तुझ्या आईच्या वयाची मी, आणि म्हणे वहिनी."

"दादांच्या घरच्या म्हणजे वहिनीच." तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. "वहिनी, मला माफ करा. मी बोललो नाही."

"वकिलांनाही तेच सांगितलंस."

"तेच खरं आहे. बोललो नाही. तोंड उघडून दोन शब्द बोललो असतो तर..." त्याने मान भिंतीकडे वळवली.

"तोंड उघडलं नाहीस. पण वाजवलंस."

पेइलान एक पाऊल पुढे सरकली.

"येनथिंग, मी तो आवाज ऐकलाय."

"दादांना अंगठी वाजवायची सवय होती," तो भिंतीला म्हणाला. कुंग इथे येऊन गेले होते तर.

पेइलान पलंगाशी उभी राहिली. पुढे काय करायचे हे तिने ठरवले नव्हते. तिची नजर पलंगाच्या लोखंडी कठड्यावर गेली आणि बोट आपोआप वाकले. टक टक.

येनथिंगचा डावा हात चादरीबाहेर होता. मन जागे होण्याआधी त्या हाताने कठड्यावर एकदा टक केले.

दोघांनीही त्या हाताकडे पाहिले. मग त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला आणि तो रडायला लागला, आवाज न करता, मोडलेल्या हाडांना धक्का लागू नये इतपत सांभाळून.

"मला वाटलं, आता वर घेतील," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "टक केलं ना त्यांनी. मी वाट बघत होतो. टक केल्यावर पुन्हा कसं वाजवणार? मी हात तयार ठेवला होता, वहिनी. चाकं वर घ्यायला. ते म्हणतील म्हणून."

"हे वकिलांना का नाही सांगितलंस?"

"दादांची चूक बाहेरच्यांना सांगू?" त्याने खरोखर न समजून तिच्याकडे पाहिले. "मग वाजवायचं तरी कशाला?"

आई दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते, की काहीच नाही, ते तिच्या तोंडावरून कळले नाही. पेइलान निघाली तेव्हा तिने शेवयांचा डबा तिच्यापुढे धरला. "गाडीत खा. वाया जातात. तो काही खात नाही."

पेइलानने डबा घेतला आणि गाडीत उघडला. शेवया चांगल्या होत्या. स्टेशनवर उतरल्यावर तिने लिआओ बाईंच्या कार्डावरचा नंबर फिरवला.

ताइपेइला जाताना कुंग बरोबर आले. जबाब देणाऱ्याला सोबत आणता येत होती, आणि पेइलानने नाही म्हणायच्या आत त्यांनी तिकिटे काढली होती. गाडीत दोघे वस्तीबद्दल बोलत गेले. छपरावरचा ठेचा चोरताना कुंग एकदा घागरीसकट खाली आले होते, तिखट डोळ्यांत, आणि रुइफेंगने त्यांना पाठीवर घेऊन नळापर्यंत पळत नेले होते. "तेव्हापासून दादा," कुंग म्हणाले. "तोवर नुसतं रुइफेंग म्हणायचो." पेइलान इतकी हसली की समोरच्या बाईने मान वर करून पाहिले. वस्ती असती आणि ती माणसे असती, तर ती वाटेतल्या कुठल्याही स्टेशनवर उतरून परत गेली असती.

खोलीत लांब टेबल होते. लिआओ बाई, त्यांच्याबरोबर एक वयस्क गृहस्थ, टेबलाच्या मधोमध ध्वनिमुद्रणाचे यंत्र. लिआओ बाईंनी तारीख आणि हजर असलेल्यांची नावे यंत्राला सांगितली. मग तो आवाज पुन्हा लावला.

"याबद्दल तुम्हाला काही सांगायचं होतं."

"हो," पेइलान म्हणाली. "पहिले दोन आवाज माझ्या नवऱ्याचे नाहीत. ते..."

टक टक.

कुंगचा हात टेबलाच्या कडेवर होता. ते तिच्याकडे पाहत नव्हते, खिडकीकडे पाहत होते, तुकडीत पाहत तसे. वहिनी, जरा बघा. आवाज मोठा नव्हता. त्यात धमकी नव्हती, होती ती विनवणीच. आईबापांचे घर, रविवारच्या करंज्या, संध्याकाळची मोजलेली घरघर, भिंतीवरचे वडिलांचे नाव, हे सगळे त्या दोन ठोक्यांत होते, आणि कुंगना ते तिच्याइतकेच ठाऊक होते.

पेइलानने खाली पाहिले. तिचे बोट वाकलेले होते. एकदा टक करायचे आणि गप्प बसायचे, इतकेच बाकी होते. तिने तो हात उघडला आणि तळवा टेबलावर सपाट ठेवला.

"भावजी, माझं काही चुकत असेल तर तोंडाने सांगा. इथे सगळे बसलेत."

कुंगच्या मानेवर लाली चढली. त्यांनी यंत्राकडे पाहिले, लिआओ बाईंकडे पाहिले. ओठ उघडले.

"काही नाही, वहिनी," ते म्हणाले.

"मग मी पुढे सांगते."

लिआओ बाईंची लेखणी थांबली होती. त्यांनी कुंगच्या हाताकडे पाहिले, आणि त्यांना काय कळले ते त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उमटले. त्या यंत्राकडे झुकून म्हणाल्या, "आत्ताचा आवाज श्री. कुंग यांचा आहे."

मग पेइलानने सांगितले. तुकडी, रीत, दोनाचा अर्थ. येनथिंगने वेळेत वाजवले होते, आणि ज्याला वाजवले त्याला ते पोचले होते.

"आणि शेवटच्या एका आवाजाचा अर्थ?"

"'समजलं.'"

"म्हणजे कॅप्टन फानना समजलं होतं."

"हो."

वयस्क गृहस्थ पहिल्यांदाच बोलले. आवाज मऊ होता. "मग त्यांनी विमान वर का घेतलं नाही, याबद्दल तुम्हाला काही वाटतं का? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही."

पेइलानने शेजारी पाहिले. कुंगनी दोन्ही हात मांडीवर घेतले होते आणि मान खाली घातली होती.

"त्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल," ती म्हणाली. "तळ्याची आहे. आम्ही दोघं मिळून सांगायचो ती, लोकांना फार आवडायची. पण एवढी वर्षं आम्ही तिच्यातलं एक गाळत आलो."

"सांगा ना."

"आमची पिवळी गाडी होती," पेइलान म्हणाली. "तायनानला एका लग्नाला निघालो होतो. यांनी नवा कोट घातलेला. मिठागरांच्या अलीकडे एक फाटा लागतो. तिथे यांनी गाडी डावीकडे घेतली, आणि मी दारावर दोनदा वाजवलं."